पिग्मीचा मेसेज आणि सहा अक्षरं

एप्रिल २०२१ चा पहिला आठवडा. सांगली जिल्ह्यातलं तालुक्याचं गाव. मंडईच्या तोंडाशी भाजी घेऊन बसणाऱ्या एका मावशींनी पिग्मी एजंटाला जागचा हलू दिलं नाही. रोजचे दोनशे रुपये त्यानं घेतले होते, हातातल्या मशीनमधून चिठ्ठीही काढून दिली होती. पण मावशींचं म्हणणं एकच. "चिठ्ठी कुणीबी काढंल. मोबाइल का वाजंना, ते सांग." चार दिवस त्यांना पतसंस्थेचा मेसेज आला नव्हता. एजंट पंधरा वर्षं त्याच मंडईत फिरतोय, आजवर असा संशय त्याच्यावर कुणी घेतला नव्हता. तो तडक शाखेत आला आणि मॅनेजरच्या टेबलावर मशीन ठेवून म्हणाला, "उद्यापासून तुम्हीच फिरा."

मशीनमध्ये बिघाड नव्हता. रक्कम संगणकात रोजच्या रोज जमा होत होती. मेसेजच्या यादीतही प्रत्येक नावापुढे 'पाठवला' असंच दिसत होतं. एवढंच, की तो कुणाच्या फोनवर पोचत नव्हता.

या पतसंस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. पुढची चार-साडेचार वर्षं तिच्या मेसेजांची गाडी ज्या ज्या ठिकाणी अडली, त्याचं हे टिपण. संस्थेचं नाव देत नाही. शाखा सहा, सभासद अकरा हजारांवर, आणि पाच हजारांच्या आसपास पिग्मी खाती. देशभरातल्या लहान संस्थांचं, दुकानांचं, शाळा-दवाखान्यांचं थोड्याफार फरकानं हेच झालं असणार.

आधी पिग्मीबद्दल थोडं. रोज दारात येऊन थोडी थोडी रक्कम गोळा करायची ही पद्धत सिंडिकेट बँकेनं १९२८ साली कर्नाटकच्या किनारपट्टीवर सुरू केली आणि पुढे आपल्या पतसंस्थांनी ती मनापासून उचलली. यात पैसे घेणारा संस्थेचा माणूस असतो, देणारा एकटा असतो आणि साक्षीला कुणी नसतं. पूर्वी साक्ष पासबुकाची असे, तीही एजंटाच्याच अक्षरातली. मेसेज आला आणि एजंटाच्या हाताबाहेरची एक साक्ष मिळाली. मावशींना कदाचित तो पूर्ण वाचताही येत नसेल. आकडा बरोबर आहे आणि संस्थेचं नाव आहे, एवढं त्या बघतात. म्हणून मेसेज बंद पडणं ही त्या गावात तांत्रिक अडचण नव्हती, एजंटाच्या इभ्रतीचा प्रश्न होता.

मेसेज कुठे मेले?

ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणानं, व्यापारी मेसेज आणि कॉलसाठीचे नवे विनियम १९ जुलै २०१८ रोजी काढले. त्याआधी २०१० चे होते, त्याच्याही आधी २००७ चे. १९०९ वर मेसेज करून 'डू नॉट डिस्टर्ब' (डीएनडी) लावायची सवय लोकांना त्या जुन्या नियमांनी लावली. तरी जाहिराती थांबल्या नाहीत, आणि बँकेच्या नावानं खोटे मेसेज पाठवून लुबाडणारे वाढले. जुन्या नियमांचा रोख 'कुणाला पाठवू नये' यावर जास्त होता. नव्यांनी 'कोण पाठवतंय आणि काय पाठवतंय' हे आधी नोंदवायला लावलं. मेसेज पाठवणारी प्रत्येक संस्था, तिचं पाठवणारा म्हणून दिसणारं नाव, आणि मेसेजचा मजकूर, हे सगळं मोबाइल कंपन्यांच्या सामाईक नोंदवहीत हवं. ही नोंदवही ब्लॉकचेनच्या धाटणीची, म्हणजे तिची तीच प्रत सगळ्या कंपन्यांकडे. तिला सगळे डीएलटी म्हणतात.

२०१८ ते २०२१ या काळात हे बहुतेकांनी कानाआड केलं. मग पेटीएम चालवणाऱ्या कंपनीच्या याचिकेवर दिल्ली उच्च न्यायालयानं फेब्रुवारी २०२१ मध्ये नियमांची काटेकोर अंमलबजावणी करायला सांगितलं, आणि ८ मार्चला, सोमवारी, मोबाइल कंपन्यांनी चाळणी लावली. प्रत्येक मेसेज नोंदवहीशी ताडायचा, जुळला नाही तर तिथंच टाकून द्यायचा. त्या दिवशी देशभर बँकांचे ओटीपी अडकले, लसीकरणाच्या नोंदणीचे अडकले, आधारचे अडकले. ट्रायनं दुसऱ्याच दिवशी चाळणी सात दिवसांसाठी उचलली. पुढे २६ मार्चला नियम न पाळणाऱ्या चाळीस बड्या संस्थांची यादीच जाहीर केली. तीत देशातल्या नामांकित बँका होत्या. त्यांना ३१ मार्चपर्यंत मुदत मिळाली.

आमच्या संस्थेनं त्या सवलतीच्या दिवसांत काय केलं? काही नाही. ८ तारखेला मेसेज आले नाहीत, १० तारखेला आले, म्हणजे 'नेटवर्कचा घोळ होता', असा निष्कर्ष निघाला आणि सगळे महाशिवरात्रीच्या तयारीला लागले. १ एप्रिलपासून चाळणी पुन्हा घट्ट झाली.

मूळ गोम वेगळीच होती. संस्थेला वाटत होतं मेसेज आपण पाठवतो. प्रत्यक्षात तो संस्थेला सॉफ्टवेअर देणारा पुरवठादार पाठवायचा, स्वतःच्या नावाच्या सहा अक्षरांखाली, आणि त्याच सहा अक्षरांखाली त्याच्या बाकीच्या गिऱ्हाईक संस्थांचेही मेसेज जायचे. मावशींच्या फोनवर वर्षानुवर्षं जे 'पतसंस्थेचं नाव' दिसत होतं, ते पतसंस्थेचं नव्हतंच. नव्या नियमात हे चालत नाही. ज्याचा मेसेज, त्याची नोंदणी. पुरवठादार हा हमाल, त्याचीही वेगळी नोंदणी.

सहा अक्षरं

नोंदणी कुठल्याही एका मोबाइल कंपनीच्या पोर्टलवर करता येते, बाकीच्यांना ती दिसते. आम्ही भरलेलं शुल्क ५,००० रुपये, वर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५,९००. संचालक मंडळाच्या सभेत या ५,९०० वर पाऊण तास चर्चा झाली. पुढे कळलं की सगळ्या प्रकरणात सगळ्यात स्वस्त गोष्ट हीच होती.

कागद साधेच. संस्थेचं पॅन, निबंधकांचं नोंदणी प्रमाणपत्र, लेटरहेडवर अधिकारपत्र, सही करणाऱ्याची ओळख. अडलं नावावर. प्रमाणपत्र १९९० च्या दशकातलं, मराठीत, शेवटी 'मर्यादित'. पॅनवर तेच नाव इंग्रजीत, 'लिमिटेड', आणि मधला 'नागरी' गायब. माणसाला कळतं की संस्था एकच आहे. पोर्टलवर अर्ज तपासणाऱ्यानं तो दोनदा परत केला. त्यात टाळेबंदीमुळे निबंधक कार्यालयात मोजकीच माणसं. नावाबद्दलचं पत्र मिळायला तीन आठवडे गेले.

मग हेडर, म्हणजे पाठवणाऱ्याच्या जागी दिसणारी अक्षरं. भारतात इथं फार पर्याय नाहीत. सेवेच्या मेसेजसाठी सहा इंग्रजी अक्षरं, जाहिरातीसाठी तेव्हा सहा आकडे. साधा दहा आकडी नंबर धंद्याच्या मेसेजला चालतच नाही. अक्षरांच्या हेडरवर उलट उत्तरही पाठवता येत नाही. सभासदानं 'ठीक आहे' असं उत्तर धाडलं तर ते कुठंही पोचत नाही. उत्तर हवं असेल तर वेगळा शॉर्टकोड, म्हणजे आखूड नंबर, किंवा मिस्ड कॉलचा नंबर घ्यावा लागतो.

चेअरमन अण्णांना हेडरच्या शेवटी बँकेची तीन अक्षरं हवी होती. गावात सगळे संस्थेला 'आपली बँक' म्हणतात. पण पतसंस्था महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेली. ती बँक नाही आणि तिला स्वतःला बँक म्हणवता येत नाही. अर्ज फेटाळला गेला, आणि माझ्या मते बरंच झालं. दुसरी निवड आधीच कुणी घेतलेली होती. तिसऱ्या खेपेला नावाचा पहिला शब्द आणि पतसंस्थेचं आद्याक्षर मिळून सहा अक्षरं जमली. अण्णांना ती आजही आवडत नाहीत.

बँक नसण्याचा आणखी एक परिणाम होता. तेव्हाच्या वर्गवारीत 'व्यवहाराचा' म्हणजे ट्रान्झॅक्शनल हा वर्ग बँकेच्या ओटीपीपुरता राखून ठेवला होता. पतसंस्थेच्या मोबाइल ॲपचा ओटीपी, पिग्मीची जमा, हप्त्याची आठवण, हे सगळं 'सेवा, गृहीत संमतीची' या खान्यात जायचं. सभासदानं खातं उघडलं, त्यातच अशा मेसेजची संमती आली असं मानतात. डीएनडी लावलेल्यालाही ते पोचतात.

हेडर मिळाला, मेसेज सुरू झाले आणि मंडईतून नवी तक्रार आली. एकाच दिवशी एकीच्या फोनवर नावाच्या आधी 'व्हीएम', दुसरीच्या फोनवर 'जेडी'. "दोन-दोन नावं कशी? ह्यातलं खरं कुठलं?" खरं तर सावधपणाचा प्रश्न. त्या दोन अक्षरांतलं पहिलं मोबाइल कंपनीचं, दुसरं मेसेज ज्या दूरसंचार क्षेत्रातून निघाला त्याचं. मुंबईचं एम, दिल्लीचं डी, आणि गोवा धरून उरलेल्या महाराष्ट्राचं झेड. पुरवठादाराचा मार्ग दिल्लीतून जात असला तर सांगलीतल्या जमेच्या मेसेजवरही डी येतो. बघायची ती डॅशनंतरची सहा अक्षरं. ती कुणाच्या नावावर आहेत हे ट्रायच्या हेडर शोधायच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतं. मॅनेजरनं फळ्यावर ती सहा अक्षरं खडूनं मोठी लिहिली. खाली लिहिलं, 'हे नसेल तर मेसेज आमचा नाही.' संस्थेनं ग्राहक जागृतीवर केलेलं सगळ्यात नेमकं काम ते होतं.

सत्तर चौकटी

आता मजकूर. नोंदवहीत मजकुराचा साचा, टेम्प्लेट, आधी मंजूर करून घ्यावा लागतो. छापील फॉर्मसारखं समजा. ठरलेले शब्द ठरलेलेच, बदलत्या गोष्टींपुरत्या रिकाम्या जागा. मंजूर झाला की त्याला एकोणीस आकडी क्रमांक मिळतो आणि प्रत्येक मेसेजबरोबर तो क्रमांक जोडावा लागतो.

मराठी संस्थेची खरी कसरत इथं सुरू होते. इंग्रजी मेसेजच्या एका भागात १६० अक्षरं बसतात. देवनागरी आली की मेसेज युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिपींसाठीच्या सांकेतिक पद्धतीत, जातो आणि एका भागात ७० च बसतात. एकाहून जास्त भाग झाले तर प्रत्येकी ६७, कारण भाग जोडायच्या खुणेला जागा लागते. आणि ही ७० अक्षरं आपल्या मोजणीतली नव्हेत. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'श्री' डोळ्यांना एक अक्षर, यंत्राला चार. 'पतसंस्था' आपल्याला चार, यंत्राला आठ.

पहिल्या मसुद्यात नाव पूर्ण होतं. फक्त 'नागरी सहकारी पतसंस्था मर्यादित' ही शेपटीच तीस चौकटी खाते, संस्थेचं मुख्य नाव अजून आलेलंच नाही. 'खाते ४१२७ मध्ये रु.२०० जमा. शिल्लक रु.१८४५०' याला त्रेचाळीस लागतात. त्रेचाळीस, एक मोकळी जागा आणि तीस म्हणजे चौऱ्याहत्तर. मेसेज दोन भागांत गेला.

याचे पैसे मोजून बघा. पाच हजार खाती, महिन्याचे पंचवीस दिवस, म्हणजे सव्वा लाख मेसेज. आम्हाला पडलेला दर एका भागाला अठरा पैसे. एका भागात बसला तर महिन्याला २२,५०० रुपये, दोन भागांत गेला तर ४५,०००. ५,९०० वर पाऊण तास बोलणारं मंडळ या आकड्यापुढे गप्प झालं.

सचिवांनी सोपा मार्ग सुचवला. मराठीच, पण इंग्रजी अक्षरांत लिहा, १६० मिळतील. पुष्कळ संस्था तेच करतात आणि त्यांना दोष देता येत नाही. पण मंडईतल्या बायकांपैकी ज्यांना वाचता येतं त्यांना देवनागरीच येतं. एजंटानं त्या सभेत पहिल्यांदा तोंड उघडलं. "त्यांना वाचता आलं न्हाई तर मग पाठवताय कशाला?" मुद्दा तिथंच संपला.

मग मजकूर तासायला बसलो. 'आपल्या', 'धन्यवाद', 'रोजी' गेले. 'रुपये' चा 'रु.' झाला, तारखेतलं वर्ष गेलं, आणि नावाच्या जागी पहिला शब्द आणि नुसतं 'पतसंस्था' राहिलं. साच्यात संस्थेची ओळख असावी लागते, ती या दोन शब्दांवर मान्य झाली. तारीख धरून सगळं मिळून सदुसष्ट. तीन चौकटी शिल्लक. कुणी रोजचे दोनशेऐवजी दोन हजार भरले आणि शिल्लक सहा आकडी झाली तरी मेसेज एकाच भागात राहतो. ज्या दिवशी हे जमलं त्या दिवशी मॅनेजरनं चहाबरोबर भजी मागवली.

तरीही मेसेज अडत होते. एकदा सॉफ्टवेअरनं 'रु.' नंतर एक मोकळी जागा टाकली, साच्यात ती नव्हती, सगळे मेसेज नापास. एकदा कारकुनानं नवा साचा जुन्या छपाईच्या फाँटात टाइप करून पोर्टलवर चिकटवला आणि तिथं इंग्रजी अक्षरांचा चिवडा उमटला. आपल्या कार्यालयांत अजून निम्मं मराठी त्या फाँटात जगतं. पडद्यावर मराठी दिसतं, आत मराठी नसतंच.

सगळ्यात जास्त छळलं ते 'ऱ्य' नं. सभेच्या सूचनेत 'दुसऱ्या मजल्यावर' असे शब्द होते. यातला अर्धा र लिहायच्या दोन रीती आहेत. एकीत साध्या र चा पाय मोडून पुढे न दिसणारी जोडखूण येते, दुसरीत नुक्त्याचा ऱ येतो. कागदावर दोन्ही हुबेहूब सारख्या. यंत्राला एक चार खुणांचं, दुसरं तीन खुणांचं. साचा एका संगणकावर टाइप झालेला, मेसेज दुसऱ्यावर. दोन दिवस आम्ही दोन एकसारख्या ओळी शेजारी शेजारी ठेवून चष्मे पुसत होतो. शेवटी सभागृह 'वरच्या मजल्यावर' गेलं.

मधली वर्षं

२०२३ च्या फेब्रुवारीत ट्रायनं सगळे हेडर आणि साचे पुन्हा तपासून घ्यायला सांगितले, तेव्हा आमचे वापरात नसलेले सतरा साचे निघाले. काढून टाकले. २०२४ च्या डिसेंबरात साखळी बांधायचं बंधन आलं. मेसेज संस्थेकडून कुणाकडे, तिथून कुणाकडे, आणि शेवटी मोबाइल कंपनीला कोण देतो, ही सगळी कडी आधी जाहीर करायची, आणि मेसेज दुसऱ्या वाटेनं आला तर टाकून द्यायचा. ट्रायची मुदत दोनदा पुढे गेली, ११ डिसेंबरपासून बंधन पक्कं झालं. आमच्या पुरवठादारानं मधला एक दलाल सांगितलाच नव्हता. दीड दिवस मेसेज बंद. पण या वेळी संस्थेला कुणाला फोन करायचा हे ठाऊक होतं, आणि एजंटांना सकाळीच सांगून ठेवलं होतं. मंडईत कुणी कुणाला अडवलं नाही.

एक ओळ टाकली तर काय बिघडलं?

वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरअखेर व्हायला लागते. २०२५ च्या सभेची रीतसर सूचना पत्रानं आणि फलकावर गेली. मेसेज जोडीला. त्यात अहवालाची लिंक द्यायची ठरली, छपाईचा खर्च वाचावा म्हणून. आणि अण्णा म्हणाले, "अकरा हजार लोकांना मेसेज जाणारच आहे, तर शेवटी सोने तारण कर्जाची एक ओळ टाकली तर काय बिघडलं?"

दोन्ही गोष्टींनी बिघडलं.

लिंकचं असं, की ऑगस्ट २०२४ च्या आदेशानं १ ऑक्टोबर २०२४ पासून मेसेजमधली प्रत्येक लिंक, ॲपची फाइल, उलट फोन करायचा नंबर आधी नोंदवून मान्य करून घ्यावा लागतो. नोंद नसलेली लिंक असली की मेसेज थांबतो. आमचा अहवाल होता कारकुनाच्या खासगी खात्यावरच्या फुकटच्या साठवणीत, आणि लिंक आखूड करायला वापरलेली सेवाही फुकटचीच. असल्या आखूड लिंकांमागे काय आहे ते कुणालाच दिसत नाही, आणि लुबाडणाऱ्यांचं तेच हत्यार. संस्थेनं नाइलाजानं स्वतःच्या नावाचं संकेतस्थळ घेतलं, तिथं अहवाल ठेवला आणि त्या पत्त्याची नोंद केली. हे काम दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं.

सोने तारणाची ओळ मात्र निव्वळ जाहिरात. फेब्रुवारी २०२५ च्या दुरुस्तीनंतर हेडरच्या शेपटीला वर्गाचं अक्षर लागतं. जाहिरातीला पी, सेवेला एस, व्यवहाराला टी, सरकारी मेसेजला जी. सभेच्या सूचनेला एस मिळतो. त्यात कर्जाची ओळ घुसली की अख्खा मेसेज पी. मग ज्या सभासदांनी डीएनडी लावलंय त्यांना सभेची सूचनाच मिळणार नाही, पाठवायची वेळही सकाळी १० ते रात्री ९ पुरती, आणि 'नको असल्यास' ची सोय मेसेजमध्येच द्यावी लागणार. एका ओळीसाठी सभेचा कोरम पणाला लावायचा का, एवढंच मी विचारलं. अण्णांनी ओळ सोडली, राग सोडला नाही.

नियमांवर माझी एक तक्रार आहे, ती इथं नोंदवतो. वर्गाचं अक्षर आणि लिंकची नोंद, दोन्ही मला पटतात. पण साचा नाकारताना पोर्टल कारण सांगतं ते इंग्रजीत आणि चार शब्दांत. मोठ्या बँकेत त्यासाठी वेगळा विभाग असतो. इथं तो विभाग म्हणजे बारावी झालेली एक मुलगी, जी काउंटरही सांभाळते. 'मजकूर जुळत नाही' याऐवजी 'अमुक ठिकाणी एक मोकळी जागा जास्त आहे' एवढं सांगितलं असतं तर आमचे कितीतरी दिवस वाचले असते.

दिवाळीची घाई

आणि मग ज्याची भीती होती ते झालं. एका शाखाधिकाऱ्यानं दिवाळी ठेव योजनेसाठी साचा, मंजुरी, वर्ग या भानगडीत न पडता शाखेच्या अधिकृत दहा आकडी नंबरच्या सिमवर एक ॲप टाकलं. रिचार्जमध्ये रोजचे शंभर मेसेज फुकट, ते ॲप आपोआप पाठवणार. यादीत सभासद होतेच. शिवाय जुन्या कर्ज चौकशीच्या डायरीतले नंबरही होते, ज्यांचा संस्थेशी आता काडीचा संबंध नव्हता.

पूर्वी अशा विनानोंदणी पाठवणाऱ्यावर कारवाईसाठी सात दिवसांत दहा तक्रारी लागत. २०२५ पासून दहा दिवसांत पाच पुरतात, आणि तक्रार करायला लोकांना तीनऐवजी सात दिवस मिळतात. १९०९ वर किंवा ट्रायच्या ॲपवर दोन मिनिटांचं काम. पाचव्या दिवशी, वसुबारसेच्या आदल्या दिवशी, शाखेच्या फोनवरून जाणारे कॉल आणि मेसेज बंद झाले. पहिल्या चुकीला पंधरा दिवस. पुन्हा तेच झालं तर पाठवणाऱ्याचे सगळे नंबर सगळ्या कंपन्यांकडे वर्षभरासाठी तुटतात. ऐन दिवाळीत शाखेला एजंटांना फोन करता येईना. शाखाधिकारी स्वतःच्या खासगी फोनवरून काम भागवत राहिला, आणि त्या फोनवरून कुणाला शुभेच्छांचाही मेसेज टाकू नकोस, असं त्याला दोघांनी बजावलं.

त्यानंतरच्या सभेत बाकीचे मार्ग एकेक करून पुढे आले. व्हॉट्सॲपच्या धंद्याच्या खात्यावर हे ट्रायचे नियम लागू नाहीत, पण तिथंही व्हॉट्सॲपची मालक कंपनी मेटा साचे मंजूर करते आणि पैसे घेते, आणि पिग्मीवाल्या निम्म्या बायकांकडे बटणांचे फोन आहेत. आवाजी कॉल करायचे तर जाहिरातीला १४० ची मालिका, सेवेला १६०० ची, म्हणजे पुन्हा नोंदणी. नियमात बसणारा सरळ रस्ता जाहिरातीच्या स्वतंत्र हेडरचा, आणि त्यासोबत सभासदांची स्पष्ट संमती. त्या संमतीची नोंद ठेवायची व्यवस्था ट्रायनं २०२३ मध्ये आखली आहे. १२७ नं सुरू होणाऱ्या शॉर्टकोडवरून सभासदाला विचारणा येते, तो हो म्हणतो किंवा नाही म्हणतो, आणि दिलेली संमती कधीही काढून घेता येते. संस्थेनं तूर्त कागदी फॉर्म छापले आहेत. काउंटरवरची मुलगी प्रत्येकाला विचारते. पिग्मीवाल्या मावशींनी फॉर्म वाचून घेतला आणि परत दिला. "जमा झालं की कळवा. बाकीचं मला नगं."

दिवाळी ठेव योजना शेवटी रिक्षाला भोंगा बांधून गावभर फिरली. त्याला हेडर लागत नाही, साचा लागत नाही. पोलिसांची परवानगी मात्र लागते, आणि तो अर्जही एकदा परत आला होता. संस्थेचं नाव चुकलं म्हणून.